चेंबर ऑर्केस्ट्राचा लौकिक नेमका कशावर ठरतो?

श्रवणभक्त

पाश्चात्त्य अभिजात संगीत मी बऱ्याच वर्षांपासून ऐकत आलो आहे, मात्र आजवर माझे ऐकणे बहुतांशी मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रांपुरतेच मर्यादित होते. अलीकडे तीस-चाळीस वादकांच्या चेंबर ऑर्केस्ट्रांकडे वळलो आणि एक प्रश्न मनात घर करून बसला. बर्लिन किंवा व्हिएन्ना येथील मोठ्या वाद्यवृंदांची कीर्ती समजून घेणे सोपे आहे, कारण त्यांचे नाव एखाद्या सभागृहाशी जोडलेले असते, दीर्घ परंपरा असते आणि तिथे उभ्या राहिलेल्या कंडक्टरांची नामावळीच पुष्कळ काही सांगून जाते. चेंबर ऑर्केस्ट्रांच्या बाबतीत यातले फारसे काही हाती लागत नाही. चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपला कायमस्वरूपी मुख्य कंडक्टर नाही. माहलर चेंबर ऑर्केस्ट्राचे वादक वीसहून अधिक देशांतून ठरावीक काळापुरते एकत्र येतात आणि पुन्हा पांगतात. न्यूयॉर्कचा ऑर्फियस तर १९७२ पासून कंडक्टरशिवायच वाजवत आला आहे. तरीही जाणकार मंडळी या तिन्ही वृंदांचे नाव आदराने घेतात.

हा आदर कशाच्या बळावर निर्माण होतो, आणि बाहेरच्या श्रोत्याने त्याची पारख कशी करावी? प्रत्येक वृंदाच्या परिचयपत्रकात ‘जगातील अग्रगण्य’ हे शब्द असतातच, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. ध्वनिमुद्रणे, दौरे, पुरस्कार आणि सोबत वाजवणारे नामवंत एकलवादक यांपैकी कशाला किती महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

अनुनाद

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या पिढीतील चेंबर ऑर्केस्ट्रांना नाव मिळाले ते मुख्यतः ध्वनिमुद्रिकांमुळे. लाँग-प्ले तबकडी आली, घरोघरी ऐकणारा नवा वर्ग तयार झाला आणि विवाल्दी, बाख, हेंडेल यांचे संगीत थोड्या वादकांत, थोड्या खर्चात मुद्रित करता येते हे कंपन्यांच्या ध्यानात आले. रोममधील सांता चेचिलिया अकादमीच्या विद्यार्थ्यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेला ई मुझिची हा वृंद ‘फोर सीझन्स’च्या मुद्रणांमुळे अशा घरांत पोहोचला, जिथे विवाल्दीचे नावही त्याआधी कुणी ऐकलेले नव्हते. लंडनच्या ॲकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्सची कथाही याच वळणाची आहे. १९५८ मध्ये नेव्हिल मॅरिनर यांनी काही सहकाऱ्यांसह हा वृंद सुरू केला आणि पहिला जाहीर कार्यक्रम १३ नोव्हेंबर १९५९ रोजी ट्रॅफल्गर चौकातील त्याच नावाच्या चर्चमध्ये केला. सुरुवातीला मॅरिनर व्हायोलिन वाजवता वाजवताच नेतृत्व करत असत. पुढे त्यांनी पिएर माँत्यू यांच्याकडे संचालनाचे धडे घेतले आणि हातात छडी घेतली. या वृंदाची मुद्रणे पाचशेच्या वर गेली. १९८४ च्या ‘आमाडेउस’ चित्रपटातले मोझार्टचे संगीतही त्यांनीच वाजवले आणि ज्यांनी आयुष्यात कधी ऑर्केस्ट्रा ऐकला नव्हता त्यांनाही त्यांचा सूर ओळखीचा झाला.

परंतु विक्रीने मिळते ती प्रसिद्धी. लौकिक ही त्याहून सावकाश जमणारी गोष्ट आहे. माझ्या मते तो दोन गोष्टींनी जमतो. तेच वादक वर्षानुवर्षे एकमेकांचे ऐकत एकत्र वाजवत राहणे ही पहिली, आणि त्या वृंदामुळे काही नवे संगीत जन्माला येणे ही दुसरी. पहिल्या मुद्द्यावर इथले प्रत्यक्ष वाजवणारे सभासद अधिक अधिकाराने लिहू शकतील, म्हणून मी दुसऱ्यावर थांबतो.

स्विस कंडक्टर पॉल झाखर यांनी १९२६ मध्ये बासेल चेंबर ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्याच्या दहाव्या वर्धापनाच्या निमित्ताने त्यांनी हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्याकडे नवी रचना मागितली, आणि तंतुवाद्ये, तालवाद्ये व सेलेस्टा (घंटांसारखे किणकिणणारे पट्ट्यांचे वाद्य) यांच्यासाठीची ती विलक्षण कृती २१ जानेवारी १९३७ रोजी बासेलमध्ये प्रथम वाजली. १९३९ च्या ऑगस्टमध्ये, युद्ध अक्षरशः दाराशी आलेले असताना, झाखर यांनी बार्टोकना स्वित्झर्लंडमधील एका डोंगराळ गावी राहायला जागा दिली आणि तिथे जेमतेम पंधरवड्यात ‘दिव्हेर्तिमेंतो’ लिहून झाले. रिचर्ड स्ट्राउस यांची तेवीस एकल तंतुवाद्यांसाठीची ‘मेटामॉर्फोसेन’ हीसुद्धा झाखर यांच्याच मागणीवरून लिहिली गेली आणि जानेवारी १९४६ मध्ये झुरिच येथे त्यांच्या दुसऱ्या वृंदाने ती प्रथम सादर केली. आज जगातला प्रत्येक चेंबर ऑर्केस्ट्रा या रचना वाजवतो. झाखर यांचा मूळ वृंद कसा वाजवत होता हे ऐकलेले लोक आता फारसे उरले नसतील, पण त्याचे स्थान कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

तुम्ही दौऱ्यांचा उल्लेख केला आहे, म्हणून एक उदाहरण देतो, ज्यात दौरा आणि नवी रचना एकत्र आल्या. इंग्लंडच्या बॉइड नील ऑर्केस्ट्राला १९३७ च्या ऑगस्टमधील साल्झबुर्ग महोत्सवाचे आमंत्रण मिळाले. मात्र कार्यक्रमात एखादी नवी इंग्रजी रचना असावी अशी अट होती. वेळ फार थोडा होता. नील यांनी बेंजामिन ब्रिटन या तेवीस वर्षांच्या तरुणाला विचारले आणि आपले गुरू फ्रँक ब्रिज यांच्या धुनेवर आधारित ‘व्हेरिएशन्स’ त्याने काही आठवड्यांत लिहून हातात ठेवली. त्या एका संध्याकाळने ब्रिटनचे नाव युरोपभर झाले आणि वृंदाचेही. सोव्हिएत रशियात रुडॉल्फ बारशाई यांनी १९५५ मध्ये उभ्या केलेल्या मॉस्को चेंबर ऑर्केस्ट्राचे महत्त्वही असेच आहे: शोस्ताकोविच यांची चौदावी सिंफनी, जी नावापुरतीच सिंफनी असून प्रत्यक्षात दोन गायक, तंतुवाद्ये आणि तालवाद्ये यांच्यासाठी आहे, त्याच वृंदाने १९६९ मध्ये लेनिनग्राडला प्रथम सादर केली.

दुसरे व्हायोलिन

अनुनाद यांनी पहिला मुद्दा वाजवणाऱ्यांवर सोपवला आहे, तेव्हा लिहितो. मी एका हौशी वृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसतो. व्यावसायिक वादकांशी माझी तुलना होऊ शकत नाही, पण ते नेमके काय करतात हे त्या खुर्चीवरून जरा स्पष्ट दिसते.

कंडक्टर नसताना तुकडा सुरू कसा होतो, एवढेच पाहा. मोझार्टच्या २९ व्या सिंफनीची सुरुवात पहिली व्हायोलिने अगदी हलक्या आवाजात, एका सप्तकाची खाली उडी घेऊन करतात. खाली बाकीची तंतुवाद्ये लांब स्वर संथपणे सरकवत असतात. त्याआधी आधाराला ठेका नाही, ढोल नाही, काही नाही. अशा वेळी वृंदप्रमुख व्हायोलिनवादक नुसता गज तारेवर टेकवून भागत नाही. तो श्वास घेतो, आणि त्या श्वासाच्या लांबीतच लय दडलेली असते. गज किती वेगाने वर येतो यावरून स्वर हलका असणार की ठाशीव, हे मागच्या रांगेला कळते. चेलोवादक त्याच्या हाताकडे पाहत नाहीत, खांद्याकडे पाहतात. श्वास अर्धवट राहिला तर पहिला स्वर फाटतो, आणि इतक्या हलक्या आवाजात तो लपवायला जागा नसते.

त्याहून कठीण प्रसंग म्हणजे शांततेनंतरचा आघात. बेथोव्हेनच्या ‘कोरिओलान’ ओव्हर्चरच्या आरंभी सगळी तंतुवाद्ये एकच लांब स्वर पूर्ण ताकदीने धरतात, त्यावर संपूर्ण वृंदाचा एक तुटक आघात येतो आणि मग निःशब्द पोकळी. हाच प्रकार पुन्हा पुन्हा होतो. कंडक्टर असला की हात खाली येताच सगळे वाजवतात. तो नसला तर तो लांब स्वर धरलेला असतानाच सर्वांना मनातल्या मनात एकच मोजणी करावी लागते आणि फुंकवाद्यांना तंतुवाद्यांच्या गजाचा वेग वाचावा लागतो. चाळीस माणसे हे एकदा जमवू शकतात. दर संध्याकाळी वेगळ्या सभागृहात जमवायचे असेल तर त्यांना एकमेकांच्या सवयी अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात, आणि त्याला वर्षे लागतात.

ऑर्फियसने यासाठी एक पद्धत बसवली, तिच्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. प्रत्येक रचनेसाठी वृंदप्रमुख बदलतो. विविध वाद्यांचे काही निवडक वादक आधी एकत्र बसून त्या रचनेची दिशा ठरवतात आणि मगच पूर्ण वृंदाची तालीम सुरू होते. तालमीच्या शेवटच्या टप्प्यात एखादा वादक वाद्य खाली ठेवून सभागृहात जाऊन बसतो आणि तोल कुठे बिघडतो आहे ते सांगतो. हे ऐकायला फार लोकशाहीवादी आणि रम्य वाटते, परंतु त्याची किंमत तालमीच्या तासांत मोजावी लागते, कारण कंडक्टर एका वाक्यात निकाली काढील अशा गोष्टीवर इथे चर्चा होते.

म्हणून ‘कंडक्टर आहे की नाही’ यावरून गुणवत्ता ठरवू नये, असे मला वाटते. ब्रेमेनच्या डॉइच कामरफिलहार्मोनीला कलासंचालक आहे, पावो यार्वी, २००४ पासून. पण त्या संस्थेचे भागधारक खुद्द वादकच आहेत. नफा-तोटा त्यांचा, निर्णय त्यांचे. त्यांची बेथोव्हेनची सिंफनी ऐकताना मागच्या रांगेतले व्हायोलिनही पुढच्याइतक्याच ईर्ष्येने वाजते हे जाणवते, आणि ते काही योगायोगाने होत नाही. ऑस्ट्रेलियन चेंबर ऑर्केस्ट्रात चेलो सोडून बाकीची तंतुवाद्ये उभ्याने वाजवतात आणि रिचर्ड टोग्नेट्टी यांनी १९८९ पासून त्यांचे नेतृत्व व्हायोलिन हातात घेऊनच केले. उभे राहण्यात दिखावा आहे असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. उभ्या माणसाचे सगळे अंग लयीत येते आणि शेजाऱ्याला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते.

श्रवणभक्त

दोन्ही उत्तरे अतिशय उपयुक्त आहेत, आभारी आहे. आता एक उपप्रश्न विचारतो. हे वृंद सतत प्रवासात असतात. चाळीस माणसे, त्यांची वाद्ये, विमाने, हॉटेले हा सगळा खटाटोप त्यांना परवडतो कसा, आणि त्यातून लौकिकात खरोखर भर पडते का? शिवाय जवळजवळ प्रत्येक दौऱ्याच्या जाहिरातीत एखाद्या प्रसिद्ध पियानोवादकाचे किंवा व्हायोलिनवादकाचे नाव वृंदाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत का असते?

खर्जातला

मी काही वर्षे अशाच एका वृंदाच्या दौऱ्यांच्या व्यवस्थेत काम केले आहे. वृंदाचे नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही, कारण व्यवहार सगळीकडे साधारण सारखाच असतो.

दौरा दोन-तीन वर्षे आधी ठरतो. प्रत्येक गावचा आयोजक एका कार्यक्रमाचे ठरावीक मानधन देतो आणि त्यातून वृंदाने वादकांचे पैसे, प्रवास, मुक्काम, वाद्यांची वाहतूक, विमा हे सगळे भागवायचे असते. ते बहुधा भागत नाही. उरलेली तूट देणगीदार, प्रतिष्ठाने किंवा सरकारी अनुदान भरून काढतात. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्राच्या तुलनेत माणसे निम्मी किंवा त्याहून कमी असल्यामुळे चेंबर ऑर्केस्ट्रा स्वस्त पडतो हे खरे, पण त्याला शोभणारी सभागृहेही लहान असतात आणि तिकिटांचे उत्पन्न त्या मानाने आटते. लंडनचे विगमोर हॉल ध्वनीच्या दृष्टीने स्वर्ग आहे, पण तिथे जागा साधारण साडेपाचशेच. म्हणून आयोजक अडीच हजारांच्या सभागृहाचा आग्रह धरतो, आणि ते भरायचे तर जाहिरातीत मोठे नाव हवे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

उरलेले निम्मे असे की एकलवादकासोबतचा संबंध दोन प्रकारचा असू शकतो. एका प्रकारात पाहुणा आदल्या दिवशी येतो, एक तालीम करतो, कॉन्चेर्तो (एकलवादक आणि वृंद यांच्यासाठीची रचना) वाजवतो आणि पुढच्या विमानाने निघून जातो. दुसऱ्यात तो वृंदाचा सहप्रवासी होतो. लाइफ ओव्ह आंडस्नेस आणि माहलर चेंबर ऑर्केस्ट्रा यांनी बेथोव्हेनचे पाचही पियानो कॉन्चेर्तो २०१२ ते २०१५ या काळात गावोगावी वाजवले, आणि तेही आंडस्नेस पियानोवर बसूनच नेतृत्व करत असताना. अशा सहवासातून वृंदाला जे मिळते ते एका रात्रीच्या पाहुण्याकडून कधीच मिळत नाही, मग तो पाहुणा कितीही थोर असो.

कार्यक्रम ठरवतानाही हिशेब आड येतो. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत तीन ट्रॉम्बोन, एक पिकोलो (छोटी बासरी) आणि एक काँट्राबसून (खर्जातले फुंकवाद्य) लागतात, ते केवळ शेवटच्या भागात. म्हणजे पाच वादक आणि त्यांची वाद्ये खंडभर फिरवायची, त्यांनी रोज तीन भाग गप्प बसून राहायचे, आणि मग दहा मिनिटे वाजवायचे. चौथी किंवा आठवी घेतली तर हा प्रश्नच उद्भवत नाही. दौऱ्यांत काही सिंफनी वारंवार का भेटतात आणि काही का भेटत नाहीत, याचे कारण पुष्कळदा सौंदर्यशास्त्रात सापडत नाही, ते खर्चाच्या तक्त्यात सापडते.

वाद्यांच्या वाहतुकीवर तर स्वतंत्र ग्रंथ होईल. व्हायोलिन आणि व्हिओला वादक हातातच बाळगतात. चेलोसाठी विमानात शेजारची खुर्ची विकत घ्यावी लागते. डबल बेस कडक पेट्यांतून मालवाहू मार्गाने जातात किंवा मुक्कामाच्या गावी भाड्याने मिळवले जातात, आणि परक्या बेसवर वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावरची नाराजी पहिल्या रांगेलाही दिसते. देशांच्या सीमा ओलांडताना प्रत्येक वाद्याची, प्रत्येक गजाची नोंद असलेली जकातीची यादी सोबत लागते. जुन्या गजांच्या टोकाला हस्तिदंताची पातळ चकती असते आणि काही गजांच्या मुठीला कासवाच्या पाठीचे कवच. हे दोन्ही पदार्थ वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. अमेरिकेने २०१४ मध्ये नियम कडक केले तेव्हा बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचे काही गज न्यूयॉर्कच्या विमानतळावर जप्त झाले होते. तो वृंद मोठा आहे, पण धसका सगळ्यांनीच घेतला. त्यानंतर अनेक वादकांनी दौऱ्यासाठी वेगळा, आधुनिक पदार्थांचा गज ठेवायला सुरुवात केली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या वृंदांची आणखी पंचाईत झाली: १ जानेवारी २०२१ पासून वादकांना १८० दिवसांत ९० दिवसांची मुक्कामाची मर्यादा लागली आणि वाद्ये वाहणाऱ्या ब्रिटिश मालट्रकांनी एका फेरीत किती ठिकाणी थांबावे यावरही बंधने आली.

एवढे करून दौरा का करायचा? कारण घरी तोच कार्यक्रम एकदा-दोनदा होतो, दौऱ्यात तो आठ-दहा वेळा होतो. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळपर्यंत वादकांची नजर कागदावरून उठलेली असते आणि खरे वादन तिथून सुरू होते. त्यातही प्रत्येक सभागृह नवा पेच टाकते. व्हिएन्नाच्या मुझिकफेराइनमधील १८७० चे सुवर्ण सभागृह इतके गुंजते की तीस वादकही साठांसारखे भासतात. मात्र जलद पट्टे एकमेकांत मिसळू लागतात, म्हणून गज आखूड घ्यावा लागतो, स्वरांच्या मध्ये हवा सोडावी लागते. दुसऱ्या दिवशी एखादे कोरडे, बहुउद्देशीय सभागृह आले की तेच आखूड गज खडखडाट करतात आणि स्वर पुन्हा लांबवावे लागतात. हा बदल करायला प्रत्यक्ष सभागृहातील पाऊण-एक तासाची तालीम मिळते, आणि तीही प्रवासाने आंबलेल्या अंगाने. हे ज्या वृंदाला साधते त्याला दौऱ्याने नाव मिळते. ज्याला साधत नाही त्याची पोल दौऱ्यातच उघडी पडते, कारण ध्वनिमुद्रणासारखी इथे फेरजुळणी नसते.

पारख कशी करावी हा तुमचा मूळ प्रश्न होता. मी सोबत काम केलेले आयोजक पुरस्कारांकडे आणि समीक्षेतल्या निवडक वाक्यांकडे फारसे पाहत नसत. ते एकच गोष्ट पाहत: त्याच सभागृहाने त्याच वृंदाला पुन्हा बोलावले का, आणि किती वर्षांनी. पहिल्यांदा बोलावणे प्रसिद्धीपोटी किंवा एकलवादकापोटी येऊ शकते. तिसरे बोलावणे वृंदाचे असते.

स्पष्टवक्ता

वरील प्रतिसाद वाचनीय आहेत, पण त्यांत लौकिकाचे चित्र जरा जास्तच सोज्वळ रंगवले आहे असे नम्रपणे नोंदवतो. १९६० च्या दशकात मॅरिनर यांच्या ॲकॅडमीत वाजवणाऱ्यांपैकी आज त्या वृंदात कुणीही नाही. मॅरिनर २०१६ मध्ये गेले. २०११ पासून जोशुआ बेल संगीत संचालक आहेत. तरी तिकिटे विकली जातात ती त्याच जुन्या नावावर. लौकिक वारशाने मिळतो आणि बराच काळ व्याजावर चालतो, हे मान्य करायला काय हरकत आहे?

दुसरे असे की या वृंदांच्या कीर्तीला एक मोठा हादरा बसला होता, त्याचा इथे उल्लेखच नाही. १९७० च्या दशकापासून जुन्या काळची वाद्ये जुन्या पद्धतीने वाजवणारी मंडळी पुढे आली: १९७२ चा ट्रेव्हर पिनॉक यांचा इंग्लिश कॉन्सर्ट, १९७३ ची क्रिस्टोफर हॉगवुड यांची ॲकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक, पुढे १९८७ मधला फ्रायबुर्गचा बरोक ऑर्केस्ट्रा. वीस वर्षांच्या आत बाख आणि विवाल्दी हा चेंबर ऑर्केस्ट्रांचा हक्काचा मुलूख त्यांच्या हातून गेला. कार्ल म्युंशिंगर यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या श्टुटगार्ट चेंबर ऑर्केस्ट्राची बाखची मुद्रणे एके काळी प्रमाण मानली जात. नंतरच्या समीक्षकांना तीच जड आणि गोडसर वाटू लागली. वादक तेच होते, मेहनत तीच होती. बदलली ती ऐकणाऱ्यांची आवड. तेव्हा एकमेकांचे ऐकत वाजवण्याने लौकिक टिकतो हे अर्धेच खरे आहे.

अनुनाद

हादऱ्याबद्दल आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे, आणि तो मुद्दा माझ्या प्रतिसादात यायला हवा होता. मात्र त्या हादऱ्यातून कोण सावरले हे पाहिले तर माझेच म्हणणे बळकट होते. चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप १९८१ मध्ये स्थापन झाला, युरोपीय समुदायाच्या युवा वाद्यवृंदातून बाहेर पडलेल्या तरुणांनी, आपल्याला वेगळे व्हायचे नाही म्हणून. इटालियन कंडक्टर क्लाउदिओ आबादो यांनी त्यांना पाठबळ दिले. पण त्यांची ओळख पक्की झाली ती निकोलाउस आर्नोनकूर यांच्यामुळे, जे स्वतः जुन्या वाद्यांच्या चळवळीचे आद्य पुरुष होते. १९९० आणि १९९१ मध्ये ग्राझ येथे त्यांनी बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी या वृंदाकडून वाजवून घेतल्या: वाद्ये आधुनिकच, पण ट्रम्पेट जुन्या धाटणीचे, झडपा नसलेले, कंप (तारेवरचे बोट हलवून स्वर थरथरवणे) अगदी मोजका, स्वरांची उच्चारणी बोलल्यासारखी. त्या मुद्रणाला ‘ग्रामोफोन’ मासिकाचा १९९२ चा वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा मान मिळाला. कंप कमी करणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे, परंतु जन्मभर कंपासह वाजवलेल्या चाळीस जणांनी तो एकदम काढला की सुरातली प्रत्येक तफावत उघडी पडते. ते धाडस एकमेकांवर भरवसा असलेला वृंदच करू शकतो.

नावाच्या व्याजावर चालणारे वृंद आहेत, नाही असे नाही. पण खर्जातला यांनी सांगितलेली तिसऱ्या बोलावण्याची कसोटी लावली की ते व्याज किती दिवस पुरते हे कळून येते. आणि ॲकॅडमीबद्दल थोडा वेगळा विचार मांडतो. बेल यांनी छडी न घेता पुन्हा व्हायोलिन हातात घेऊन, पहिल्या खुर्चीवरून नेतृत्व करण्याची वाट धरली. मॅरिनर यांनी सुरुवात केली होती ती नेमकी तशीच. हा वारसा आहे हे खरे, पण तो आयता खाल्लेला नाही.

श्रवणभक्त

चर्चा माझ्या अपेक्षेहून पुष्कळ पुढे गेली, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. शेवटची एक विनंती: माझ्यासारख्या, वाद्य न वाजवणाऱ्या श्रोत्याने दोन वृंदांची तुलना करायची असेल तर नेमके काय ऐकावे?

दुसरे व्हायोलिन

बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग घ्या आणि तो वर आलेल्या दोन वृंदांकडून ऐका: आर्नोनकूर यांच्यासोबतचा चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप आणि यार्वी यांच्यासोबतचा ब्रेमेनचा वृंद. सुरुवातीला फुंकवाद्यांचा एक लांब स्वरसमूह येऊन विरतो आणि व्हिओला, चेलो, डबल बेस खालच्या आवाजात ती सुप्रसिद्ध चालती लय धरतात. दुसऱ्या आवर्तनात ती लय आमची म्हणजे दुसरी व्हायोलिने उचलतात, आणि त्याच क्षणी व्हिओला आणि काही चेलो तिच्यावर एक नवी, लांबलचक, वळणदार धून सुरू करतात. तिसऱ्या आवर्तनात लय पहिल्या व्हायोलिनांकडे जाते आणि ती धून आमच्या वाट्याला येते. प्रत्येक आवर्तनात आवाज थोडा थोडा चढत जातो.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, लय एका गटाकडून दुसऱ्याकडे जाताना तिचा आकार बदलतो का. म्हणजे लांब स्वर आणि त्यामागचे दोन आखूड स्वर यांचे प्रमाण व्हिओलांनी ठेवले तेच व्हायोलिनांनी ठेवले का. दुसरे, पहिली व्हायोलिने आत आल्यावर खालची धून ऐकू येत राहते की तिच्यावर पडदा पडतो. ध्वनिमुद्रणात माइकच्या करामतीने ती वर आणता येते, म्हणून शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष कार्यक्रमाचे चित्रमुद्रणही पाहा आणि तिसरे आवर्तन सुरू होताना पहिल्या व्हायोलिनांची मान कुठे वळते ते न्याहाळा. चांगल्या वृंदात ती कंडक्टरकडे नसते, आमच्याकडे असते.